उर्वरित भाग सव्वाआठच्या लोकलमध्ये

रात्री मालिका बघायची आणि सकाळी डोंबिवलीच्या सव्वाआठच्या फास्ट लोकलमध्ये तिच्यावर तुटून पडायचं, हा माझा वीस-बावीस वर्षांचा नेम होता. बायकांच्या डब्यात आमचा आठ-नऊ जणींचा गट. तिघींच्या सीटवर चौथी अर्धी टेकलेली, दोघी उभ्या, कुणाच्या मांडीवर सोलायच्या मटारची पिशवी. नावं सगळ्यांची माहीत होती, पण हाका कुर्लेकरीण, बँकवाली, मास्तरीणबाई अशाच. ठाणं येईपर्यंत कालच्या भागाचा निकाल लागलाच पाहिजे, कारण ठाण्याला जी गर्दी आत घुसायची तिच्यापुढे बोलणं शक्यच नसायचं.

सुरुवात 'दामिनी'पासून झाली. मराठीतली पहिली रोजची मालिका म्हणून तिचं नाव घेतात. १९९७ मध्ये ती दूरदर्शनवर आली आणि लागायची दुपारी, म्हणजे आम्ही सगळ्या ऑफिसात. सासूबाई बघायच्या आणि रात्री मी पोळ्या लाटत असताना साग्रसंगीत सांगायच्या. पुढचं काय होणार हेही त्याच ठरवून टाकायच्या. त्यामुळे माझ्या डोक्यातली 'दामिनी' प्रतीक्षा लोणकरांपेक्षा सासूबाईंच्या आवाजात जास्त आहे. गाडीत चौघींच्या घरचे चार वृत्तांत जमायचे आणि एकाच भागाच्या चार गोष्टी व्हायच्या.

१९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं, 'आभाळमाया' आली आणि मालिका रात्रीच्या जेवणावर आल्या. सुकन्या कुलकर्णींची सुधा आमच्यासारखीच कमावती, घर आणि नोकरी दोन्ही ओढणारी. तिच्या नवऱ्याचा राग आम्ही आपापल्या नवऱ्यांवर काढला असेल, नाही असं नाही. मग ईटीव्ही मराठीवर २००१ मध्ये 'चार दिवस सासूचे' सुरू झालं. म्हणीतले चार दिवस पडद्यावर अकरा वर्षं चालले, भाग तीन हजारांवर गेले. आमच्यातल्या एकीची मुलगी ही मालिका सुरू झाली तेव्हा बालवाडीत होती. ती संपली तेव्हा कॉलेजात. रोहिणी हट्टंगडींच्या सासूबाईंना शिव्या घालत घालत आमच्यातल्या दोघी स्वतः सासवा झाल्या आणि नंतर त्याच बाईंची बाजू घ्यायला लागल्या.

त्याच सुमाराला आठवड्यातून एकदाच भेटणारं 'श्रीयुत गंगाधर टिपरे' होतं. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केलेलं. त्याच्यावर गाडीत कधी वाद झाला नाही. सगळ्या फक्त हसून एकमेकींना आबांचं वाक्य ऐकवायच्या आणि विषय संपायचा. चांगल्या मालिकेवर बोलायला फारसं काही नसतं, हे तेव्हा लक्षात आलं होतं. भांडायला लागते ती आवडलेली पण चुकत चाललेली मालिका.

'वादळवाट' तशी होती. २६ जुलै २००५ च्या मंगळवारी आमची परतीची गाडी पाण्यात उभी राहिली. रात्रभर आम्ही डब्यात होतो. एक बिस्किटाचा पुडा, दोन पाण्याच्या बाटल्या आणि तेवीस बायका. सगळं बोलून झाल्यावर पहाटे कधीतरी मास्तरीणबाई म्हणाली, "आज रमाचं काय झालं असेल गं?" त्या अवस्थेतही आम्ही हसलो. घरी पोहोचलो तर वीज गेलेली. पुढे गाड्या सुरू झाल्यावर पहिला प्रश्न "घरी पाणी किती शिरलं?" हा होता. दुसरा 'वादळवाट'चा.

माझ्या मते आमच्या गटाची खरी चांगली वर्षं २००७ ते २०१०. 'असंभव'मधली नीलम शिर्केंची सुलेखा बघून कुर्लेकरीण रात्री गॅलरीतले कपडे काढायला जात नव्हती. सकाळी ते दवानं ओले झालेले कपडे सुलेखाच्या अभिनयाचा पुरावा म्हणून सादर व्हायचे. मध्येच शुभ्रा बदलली. नायिका बदलली की गटात पहिले तीन दिवस दुखवटा, चौथ्या दिवशी "ही पण बरी आहे", पाचव्या दिवशी आधीची आठवेनाशी, हा क्रम पुढे प्रत्येक मालिकेत तसाच राहिला. त्यानंतर स्टार प्रवाहवर 'अग्निहोत्र' आली. नाशिकचा वाडा, तिथले गणपती, पांगलेली भावंडं. मोहन जोशी, विनय आपटे, शरद पोंक्षे एका चौकटीत उभे असायचे आणि कुणी कुणावर ओरडत नव्हतं. मी बघितलेल्यांत ती सगळ्यांत चांगली, आणि यावर मी अजूनही कुणाचं ऐकून घेणार नाही.

मग लांबण सुरू झाली. मालिका पूर्वीही लांबायच्या, पण २०१३ मध्ये आलेल्या 'होणार सून मी ह्या घरची'नं त्याचा विनोद केला. तेजश्री प्रधानची जान्हवी, शशांक केतकरचा श्री आणि एका घरात सहा सासवा. या मांडणीवर आम्ही मनापासून खूश होतो. पण जान्हवीला दिवस गेले आणि ते संपेचनात. वर्ष उलटलं तरी बाळ नाही. व्हॉट्सअ‍ॅप नुकतंच सगळ्यांच्या हाती आलेलं, त्यामुळे या बाळंतपणावर जेवढे विनोद फिरले तेवढे आमच्या गटातही झाले नव्हते. आमच्या गाडीत तेव्हा खरोखर एक गरोदर मुलगी होती. तिला चढल्या चढल्या जागा मिळायची. ती बाळंत झाली, सहा महिन्यांची रजा संपवून परत आली आणि पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "जान्हवीचं झालं का?" झालं नव्हतं.

चिडायचो, पण सोडत नव्हतो. याचं कारण पुढे कळलं. मालिकेचे आकडे दर गुरुवारी येतात आणि त्या आकड्यांवर पुढची गोष्ट वळते. तयार भाग हाताशी थोडेच असतात, म्हणूनच पडद्यावरची वटपौर्णिमा आपल्या वटपौर्णिमेच्याच आठवड्यात येते. मालिका गोष्ट संपली म्हणून संपत नाही, आकडा पडला म्हणून संपते. आम्ही चिडून का होईना बघत होतो, म्हणजे जान्हवीचे ते महिने आमच्याच जिवावर वाढले होते. 'माझ्या नवऱ्याची बायको' दोन वर्षांत संपायला हवी होती, ती साडेचार वर्षं चालली. तीत नागपूरची राधिका तीनशे कोटींच्या कंपनीची मालकीण झाली, आणि बँकवालीनं ठाण्याच्या आत तिचा ताळेबंद मांडून तो कसा बसत नाही ते दाखवून दिलं. तरी त्या रात्री तीही टीव्हीसमोर होती.

मध्ये एक गंमत झाली. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आलं तेच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात गोष्ट मागे गेली आणि माधव अभ्यंकरांचा जिवंत अण्णा समोर आला. माणूस नीच, त्याचा शेवट आधीच बघितलेला, तरी अपूर्वा नेमळेकरची शेवंता पडद्यावर आली की गाडीत ज्या पद्धतीनं हसू फुटायचं ते मी इथं लिहीत नाही. मालवणी आमच्यातल्या फक्त एकीची मातृभाषा होती. तिची किंमत त्या वर्षी फार वाढली.

१९ मार्च २०२० ला चित्रीकरणं थांबली आणि २२ तारखेच्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या. मालिका आणि तिच्यावर बोलायची जागा एकाच आठवड्यात गेली. दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं, ते घरच्यांसोबत बघितलं. नवे भाग १३ जुलैला परत आले. गाडी मात्र बायकांसाठी २१ ऑक्टोबरला उघडली, तीही ठरावीक वेळेतच. सव्वाआठ त्या वेळेत बसत नव्हते. मधल्या तीन महिन्यांत भाग होते आणि डबा नव्हता, आणि मला त्या तीन महिन्यांतला एकही भाग आठवत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरण पुन्हा बंद झालं. अनेक मालिका गोव्यात गेल्या, मेच्या सुरुवातीला तिथंही थांबल्या. कथेतली माणसं काहीही कारण नसताना रिसॉर्टवर राहायला का गेलीत, हे विचारायलाही शेजारी कुणी नव्हतं.

मग गट फोनवर आला. 'रंग माझा वेगळा'मधला कार्तिक डॉक्टर असून डीएनए चाचणी करत नाही, यावर आठ जणींनी मिळून जेवढं लिहिलं तेवढ्यात त्याचे दोन अहवाल आले असते. 'आई कुठे काय करते'वर मात्र विनोद कमी झाले. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती इतकी वर्षं घरासाठी राबली, आणि तिनं घटस्फोट घेतला त्या रात्री आमच्यातल्या एकीनं गटावर फक्त "बरं केलं" एवढंच लिहिलं. ही बाई गाडीत मालिकांवर कधीच बोलायची नाही, खिडकीबाहेर बघत बसायची. कुणी काही विचारलं नाही. त्या रात्री पुढे कुणी काही लिहिलंही नाही. ती मालिका २०२४ च्या नोव्हेंबरअखेर संपली. तोवर ती दुपारवर ढकलली गेली होती. दुपारची मालिका, म्हणजे 'दामिनी'च्या जागेवर. पण आता मी निवृत्त होते, घरी होते, आणि पोळ्या लाटताना ज्यांनी सांगायचं त्या सासूबाई नव्हत्या.

'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या तेव्हा गटावर दिवसभर हात जोडलेले होते. पुढे त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. बँकवालीनं लिहिलं, "बघा, आपल्या सासूबाई आजी झाल्या." दुखवट्याचे तीन दिवस या वेळी कुणी पाळले नाहीत.

कुर्लेकरीण आमच्यातली सगळ्यांत धाकटी, ती अजून सव्वाआठच पकडते. डब्यात आता प्रत्येकीच्या कानात काहीतरी असतं, असं ती सांगते. परवा तिच्या शेजारची मुलगी मोबाइलवर आदल्या रात्रीचा भाग बघत होती. दिवा स्टेशन गेल्यावर तो संपला. हिला राहवलं नाही, हिनं तिच्या कोपराला हात लावून विचारलं, "काय झालं गं?" मुलीनं एका कानातलं काढलं.

"काकू, सांगू? की बघणार आहात?"

"सांग," कुर्लेकरीण म्हणाली, "ठाणं यायला पाच मिनिटं आहेत."