चिठ्ठी भिजली म्हणून ठसे गेले?

बुलढाणा जिल्ह्यात विहिरीतून, शेततळ्यातून किंवा पैनगंगेच्या पात्रातून ओली चिठ्ठी निघाली, की पंचनाम्याभोवतीच्या गर्दीतला एखादा जाणकार निकाल देऊन टाकतो: "पाण्यात होती, आता कसले ठसे!"

हा जाणकार अर्धा बरोबर असतो, म्हणून जास्त वैताग येतो. घामातली अमिनो आम्लं पाण्यात विरघळतात. कागदावरचे ठसे उठवणारं नेहमीचं रसायन निनहायड्रिन. 1954 साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी ते या कामासाठी सुचवलं. ते नेमकं याच आम्लांना जांभळा रंग देतं. कागद चिंब भिजला की ते जवळजवळ निकामी. पण निकामी होतं ते निनहायड्रिन, ठसा नव्हे! बोट दिवसभर कपाळाला, नाकाला, केसांना लागतं. तिथला तेलकट अंश कागदाच्या तंतूंत बसतो आणि तो पाण्यात विरघळत नाही.

त्याच्यासाठी 1970च्या दशकात ब्रिटनमध्ये फिजिकल डेव्हलपर हे द्रावण विकसित झालं. त्यातली चांदी ठशाच्या रेषांवर सूक्ष्म कणांनी जमते आणि रेषा करड्या-काळ्या दिसू लागतात. आधी कागद आम्लाच्या द्रावणात बुडवावा लागतो, नाहीतर कागदातल्या चुन्यामुळे सगळाच काळवंडतो. म्हणजे ज्या पाण्याची धास्ती, त्यातच प्रयोगशाळा हा कागद पुन्हा बुडवते. 2004 मध्ये कॅनडातून ऑइल रेड ओ ही लाल रंगाची पद्धत आली. ती ताज्या ठशांवर चांगली चालते. दर वेळी ठसा मिळेलच, अशी हमी मात्र कुठलीच पद्धत देत नाही.

खरं नुकसान मदतीला धावणारे हात करतात. कुणी घडी उलगडतो, कुणी चिठ्ठी उन्हात घालतो, कुणी इस्त्रीच फिरवतो. ओला कागद कमीत कमी हाताळून, हातमोजे घालून, सावलीत वाळवायचा. ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर बुरशी धरते.

बाकीचे समज किरकोळ. मालिकांतली भुकटी आणि ब्रश ओल्या कागदावर फक्त चिखल करतात. जुना ठसा आपोआप पुसला जात नाही. कागदावर तो वर्षानुवर्षं टिकू शकतो. आणि संगणक गुन्हेगाराचं नाव सांगत नाही, तो जुळणाऱ्या ठशांची यादी काढतो. रेषा ताडून मत देतो तो ठसेतज्ज्ञ.