पेट्रोलचा काटा आणि गाडीची धाव

मोटारीच्या पेट्रोलदर्शक काट्याने मधली खूण गाठली म्हणजे टाकीतील निम्मे पेट्रोल संपले, असे चालक समजतो. आणि आतापर्यंत जितके अंतर कापले तितकेच यापुढेही कापता येईल, असा हिशेब मनाशी बांधतो. हा हिशेब पुष्कळदा चुकतो. टाकी काठोकाठ भरल्यानंतर कित्येक किलोमीटरपर्यंत काटा जागचा हलत नाही. मध्य ओलांडल्यावर मात्र तो घसरगुंडीवरून उतरावा तसा खाली येऊ लागतो. गाडी लहान, टाकी लहान, वाट घाटाची आणि वेळ रात्रीची असेल, तर या चुकीची किंमत पेट्रोलच्या किमतीहून पुष्कळच अधिक पडते.

दुसरी तक्रार गाडीच्या 'ॲव्हरेज'विषयी असते. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावते, या आकड्याला भारतात सर्वत्र हेच नाव पडले आहे. कारखानदाराच्या पत्रकात छापलेला आकडा रस्त्यावर सहसा मिळत नाही. काटा खोटे बोलतो आणि पत्रकही खोटे बोलते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह साहजिकच होतो. वस्तुतः दोघेही एका मर्यादित प्रश्नाचे बरेचसे खरे उत्तर देत असतात. चालकाचा प्रश्न मात्र निराळाच असतो.

काटा नसलेल्या गाड्या

प्रारंभीच्या लहान गाड्यांत पेट्रोलचा काटा ही चैन समजली जाई. फ्रान्समधील शेतकऱ्यांना परवडावी म्हणून तयार केलेली 'सित्रोएन टू सीव्ही' ही गाडी १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्या पहिल्या नमुन्यांत पेट्रोल मोजण्यास एक खुणा केलेली पट्टी दिलेली असे. ती टाकीत बुडवावी, बाहेर काढावी आणि ओल कुठवर चढली ते पाहावे. विहिरीत दोर सोडून पाण्याचा अंदाज घेण्याचीच ही रीत, आणि ती फसवी मुळीच नव्हती. गाडी थांबवून खाली उतरावे लागे एवढाच तिचा दोष.

जर्मनीच्या फोक्सवॅगन 'बीटल'मध्येही प्रथम काटा नव्हता. चालकाच्या पायाजवळ एक चावी असे. इंजिन आचके देऊ लागले, की ती फिरवावयाची. मग टाकीच्या तळाशी राखून ठेवलेले सुमारे ५ लिटर पेट्रोल वाहू लागे. आपल्याकडील जुन्या स्कूटरवाल्यांना 'रिझर्व्ह'ची ही चावी चांगली परिचयाची आहे, आणि तिच्यातील धोकाही. पेट्रोल भरल्यावर चावी पूर्वस्थितीत आणावयास कोणी विसरला, तर पुढच्या वेळी राखीव साठा निमूटपणे वापरून संपे आणि गाडी कोणतीही सूचना न देता थांबे. बीटलमध्ये काटा आला तो १९६० च्या दशकाच्या आरंभी. ब्रिटनमध्ये १९५९ साली निघालेल्या 'मिनी' या चिमुकल्या गाडीत मात्र तो पहिल्यापासून होता. वेगमापकाच्या मोठ्या तबकडीतच त्याला खालच्या बाजूस जागा दिलेली होती. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, आणि त्या टंचाईतूनच ही गाडी जन्मली. अशा गाडीला काटा असणे उचितच म्हणावयाचे.

काटा कसा चालतो

टाकीत एक तरंगक असतो. पूर्वी तो बुचाचा किंवा पोकळ पितळेचा असे, पुढे प्लॅस्टिकचा झाला. एका लांब दांडीच्या टोकाशी तो बसविलेला असून पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होतो. दांडीचे दुसरे टोक विजेच्या मार्गात घातलेल्या एका तारेवरून सरकते. तारेचा जितका अधिक भाग मार्गात येईल, तितका विजेस होणारा अडथळा वाढतो आणि प्रवाह मंदावतो. पेट्रोलची उंची अशा रीतीने विजेच्या कमी-अधिक प्रवाहात रूपांतरित होते.

हा प्रवाह चालकासमोरच्या तबकडीपर्यंत जातो. तेथील एक जुनी व सुबक योजना दोन धातूंच्या पट्टीची आहे. निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या आणि तापविल्या, तर जोडपट्टी वाकते. तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून प्रवाह गेला म्हणजे पट्टी तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. गाडी सुरू केल्यावर जुन्या गाडीचा काटा सावकाश वर चढतो, याचे कारण हेच. पट्टी तापावयास वेळ लागतो.

हे मांद्य म्हणजे यंत्राचा दोष, असे वाटेल. परंतु टाकीतील पेट्रोल कधीच स्वस्थ नसते. वळणावर ते एका बाजूस धावते, ब्रेक लागताच पुढे लोटते, चढावर मागे साचते. काटा चपळ असता तर तो सारखा नाचत राहिला असता आणि त्याच्याकडे पाहून काहीच कळले नसते. पट्टीच्या मंदपणामुळे या हिंदकळण्याची आपोआप सरासरी निघते. अलीकडच्या गाड्यांत हेच काम संगणक करतो. त्यामुळेच लांब चढ चढताना काटा खाली गेला आणि माथ्यावर सपाटी लागताच पुन्हा वर आला, तर टाकीला चमत्काराने पेट्रोल मिळाले असे नव्हे. तरंगक जेथे बसविला आहे तेथील पातळी तेवढी बदलली.

तरंगक उंची मोजतो. चालकाला हवे असते आकारमान. सरळ भिंतींच्या चौकोनी डब्यात या दोहोंत फरक पडत नाही. घागरीत मात्र पडतो. घागरीच्या गळ्यातील चार बोटे पाणी आणि पोटातील चार बोटे पाणी यांत किती अंतर आहे, हे पाणी भरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आडव्या नळकांड्याच्या आकाराची टाकी घेतली, तर पाव उंचीपर्यंत भरली असता तिच्यात पाव भाग नव्हे, तर अवघे १९.६ टक्के तेल असते. लहान गाडीतील टाकी तर आसनाखाली, नळ्या व चाके चुकवीत जेथे जागा मिळेल तेथे बसविलेली असल्यामुळे तिला फुगवटे, खाचा आणि तिरपे तळ असतात. तारेची रचना बदलून कारखानदार ही वक्रता पुष्कळशी भरून काढतात, पूर्णपणे नव्हे.

दोन्ही टोकांना तर तरंगकाची धावच संपते. टाकी गळ्यापर्यंत भरली, की तो छताला टेकतो, आणि वरचे काही लिटर संपेपर्यंत त्याला खाली येण्याचे कारण नसते. खालच्या टोकास बहुतेक कारखानदार काटा रिकाम्या खुणेवर आल्यावरही थोडे पेट्रोल शिल्लक राहील अशी व्यवस्था हेतुपुरस्सर ठेवतात. ही दया चालकाने गृहीत धरू नये. आधुनिक गाडीचा विजेवर चालणारा पेट्रोलपंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. वारंवार तळ गाठणाऱ्या गाडीचा पंप तापून लवकर निकामी होतो.

लहान टाकीत ही चूक अधिक झोंबते. २००९ मध्ये बाजारात आलेल्या टाटा नॅनोची टाकी १५ लिटरांची होती. तीन लिटरांचा गोंधळ ६० लिटरांच्या टाकीत विसावा हिस्सा ठरतो. १५ लिटरांच्या टाकीत तो पाचवा हिस्सा होतो.

पत्रकातील आकडा कोठून येतो

भारतातील गाड्यांच्या परीक्षेचे एक प्रमुख केंद्र पुण्यास आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही ती संस्था. तिची इंग्रजी आद्याक्षरे, 'एआरएआय', गाड्यांच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचली आहेत. परीक्षेच्या वेळी गाडी रस्त्यावर जात नाही. तिची चाके फिरत्या रोलरांवर ठेवतात, आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालक वेग वाढवितो, कमी करतो, थांबतो. भारतात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या अशा वेळापत्रकाची मुदत ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहून थोडी कमी, आणि सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर होता.

या परीक्षेत पेट्रोल मापाने मोजीत नाहीत, धुरावरून मोजतात. इंजिनातून निघणारा वायू पिशव्यांत गोळा करून त्यात किती कार्बन आहे ते पाहतात. पेट्रोलमधील कार्बन जळून नाहीसा होत नाही. तो सारा धुरात उतरतो. तेव्हा धुरातील कार्बनवरून जळालेले पेट्रोल काढता येते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोग्रॅमच्या आसपास, आणि त्यापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र सव्वादोन किलोग्रॅमहून अधिक! उरलेले वजन हवेतील ऑक्सिजनचे असते. मापनाची ही पद्धत इतकी चोख आहे, की पत्रकातील आकड्यावर मोजण्यातील चुकीचा आरोप सहसा टिकत नाही.

न्यून आहे ते वेळापत्रकात. रोलरांवर ना खड्डे, ना घाट, ना समोरून येणारा वारा. वाऱ्याचा रोध रोलरांना हिशेबाने लावावा लागतो. वातानुकूलन बंद असते. युरोपात असेच वेळापत्रक १९७० पासून टप्प्याटप्प्याने बनत गेले होते. तेथील गाड्यांची छापील भूक आणि खरी भूक यांतील तफावत २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होती. २०१५ पर्यंत ती ४० टक्क्यांच्या वर गेली. गाड्या बिघडल्या नव्हत्या. परीक्षा जुनी झाली होती, आणि विद्यार्थी प्रश्नपत्रिका ओळखू लागले होते. २०१७ पासून युरोपने अधिक लांब व अधिक वेगाची नवी परीक्षा लागू केली.

लहान गाडीची अडचण

लहान गाडी थोड्या पेट्रोलात चालते, ती हलकी असते म्हणून. पण याच हलकेपणामुळे तिचा आकडा लवकर ढळतो. सुमारे ६०० किलोग्रॅमच्या गाडीत चार प्रौढ माणसे बसली, तर २६० किलोग्रॅम वजन वाढते, म्हणजे ४३ टक्के. १८०० किलोग्रॅमच्या गाडीत तीच चार माणसे साडेचौदा टक्क्यांइतकी भरतात. वातानुकूलनाचेही तसेच. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या स्थिर वेगाने लहान गाडीला पुढे नेण्यास चाकांपाशी दोन-तीन किलोवॉट शक्ती पुरते. वैशाखातील नागपुरात किंवा दिल्लीत थंड हवेचे यंत्र दीड-दोन किलोवॉट मागू लागले, तर इंजिनावर जणू पाऊण गाडी आणखी ओढण्याचा भार पडतो. मोठ्या इंजिनाला हा भार सहज पेलतो.

त्यातच लहान गाडीचा फेरा बहुधा आखूड असतो; शाळा, मंडई, कचेरी. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच प्रवास संपतो, आणि थंड इंजिन अधिक पेट्रोल खाते. इंधनही पूर्वीचे राहिलेले नाही. देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. एक लिटर इथेनॉलमधील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे अशा मिश्रणाच्या लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के उष्णता कमी असते. इंजिन या मिश्रणासाठी घडविलेले असल्यास धावेतील घट याहून कमी राहू शकते.

हिशेब कसा ठेवावा

जुनी रीत अद्यापि उत्तम आहे. टाकी पूर्ण भरावी, अंतरमापकाचा आकडा टिपावा, गाडी चालवावी, पुन्हा पूर्ण भरावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर मावले, तितके मधल्या अंतरात खर्च झाले. काट्याशी येथे काहीच संबंध उरत नाही.

या रीतीतही एक खोच आहे. पंपावरील नळीच्या तोंडाशी बारीक छिद्र असते. पेट्रोल तेथवर चढून छिद्र बुजले, की नळी आपोआप बंद होते. टाकीचा कल, नळीची खोली, फेस यांवर हा क्षण अवलंबून असल्याने 'फुल्ल' म्हणजे दर वेळी तेच माप नसते. ३६० किलोमीटरनंतर २० लिटर मावले, तर धाव १८ किलोमीटर आली. नळी एक लिटर आधी बंद झाली असती, तर तीच गाडी १८.९ ची ठरली असती. एक लिटर उशिरा, तर १७.१ ची. एवढ्या फरकावरून शेजाऱ्यांत वाद होतात आणि मेकॅनिकला बोल लावला जातो. पाच वेळा भरून १८०० किलोमीटरचा हिशेब एकत्र केला, तर तीच एक लिटरची चूक १७.८ आणि १८.२ यांच्या आत आकसते.

सरासरी काढतानाही सावध असावे. साठ किलोमीटरचा घाट चढताना १२ ची धाव मिळाली आणि उतरताना २० ची, तर सरासरी १६ नव्हे. चढताना ५ लिटर लागले, उतरताना ३. एकशेवीस किलोमीटरला ८ लिटर, म्हणजे १५. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असा उलटा आकडा देतात. त्यात हा घोटाळा होत नाही. अमेरिकेतील रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले, की गॅलनमागे मैल या आकड्यामुळे लोकांचा बचतीचा अंदाज पद्धतशीरपणे चुकतो. १० ची धाव १२ वर नेली, तर हजार किलोमीटरमागे सुमारे १७ लिटर वाचतात. २० ची २४ वर नेली, तर ८ च. जुन्या, खादाड टॅक्सीची लहानशी दुरुस्ती म्हणूनच अधिक फलदायी ठरते.

अंतरमापकावरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. तो चाकांचे फेरे मोजतो. बारा इंची लहान चाकाचा टायर झिजून त्याची नक्षी ८ मिलिमीटरवरून दीड मिलिमीटरवर आली, तर चाकाचा व्यास दोन टक्क्यांहून अधिक घटतो. तेवढ्याच अंतराला चाक अधिक फेरे घेते आणि मापक न धावलेले किलोमीटरही नोंदवितो. टायर बदलल्यावर गाडीची धाव उतरली, अशी तक्रार पुष्कळांची असते. बहुधा उतरलेली असते ती मापकाची फुशारकी.

२०२१ पासून युरोपातील नव्या मोटारींत इंजिनाने प्रत्यक्ष जाळलेले इंधन नोंदविणारे साधन सक्तीचे झाले. त्या नोंदी गोळा करून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये अहवाल दिला. २०१७ च्या सुधारलेल्या परीक्षेतही पेट्रोल व डिझेलच्या गाड्यांची रस्त्यावरील भूक छापील आकड्याहून सुमारे २० टक्क्यांनी अधिकच भरली.