तिकीट कोण ठरवतं? ओपन आणि क्लोज्ड प्रायमरी समजून घेताना

निवडणूक आली की खडकी बाजारातल्या चहाच्या टपरीवर एकच चर्चा असते : एबी फॉर्म कुणाला मिळाला? तो कसा मिळाला, हे मात्र मतदाराला कळत नाही. आपल्याकडे मतदार उमेदवारांमधून निवड करतो. उमेदवार निवडतो तो पक्ष. अमेरिकेत मात्र पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी एक वेगळी निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. तिचे नियम दर राज्यात वेगळे आहेत, आणि संशोधनाच्या दृष्टीने गंमत तिथेच आहे.

नियमांचे ढोबळ प्रकार

क्लोज्ड : मतदार नोंदणी करतानाच पक्ष सांगावा लागतो आणि त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. उदा. फ्लोरिडा, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया.

ओपन : पक्षाची नोंदणीच नसते. टेक्सासमध्ये मतदार केंद्रावर जाऊन कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगतो.

मधला मार्ग : मॅसॅच्युसेट्समध्ये पक्षनोंदणी आहे, पण कोणत्याच पक्षात नसलेला मतदार त्या दिवशी एक पक्ष निवडू शकतो.

टॉप-टू : कॅलिफोर्नियात 2012 पासून सगळे उमेदवार एकाच प्रायमरीत असतात आणि पहिले दोघे पुढे जातात, मग दोघंही एकाच पक्षाचे का असेनात. राष्ट्राध्यक्षपदाला हा नियम लागू नाही.

मुळात वाद असा, की पक्ष ही खासगी संघटना की सार्वजनिक संस्था? कॅलिफोर्नियाची आधीची पद्धत कुठल्याही मतदाराला प्रत्येक पदासाठी हव्या त्या पक्षाचा उमेदवार निवडू देत होती. 2000 साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पक्षाचा उमेदवार बाहेरच्यांनी ठरवणं हे संघटना-स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असं त्यामागचं कारण होतं.

आपल्याकडे काय?

भारतात असा प्रयोग झालाय. 2014 च्या लोकसभेआधी काँग्रेसने देशातल्या निवडक मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर होते. मत कुणाला होतं? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना. म्हणजे क्लोज्डपेक्षाही अरुंद दार. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे उमेदवार ठरले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. पुढे दोघेही हरले.

दार अरुंद असण्याचं एक साधं कारण बघा. आपल्या मतदार यादीत पक्षाचा रकानाच नाही. त्यामुळे अमेरिकेसारखी क्लोज्ड प्रायमरी सरकारी यादीवर घेता येत नाही. पक्षाला स्वतःची यादी वापरावी लागते, आणि ती यादी कोण बनवतं यावर निकाल बराच अवलंबून असतो.

इथेच आपण फसतो

'दोघे हरले, म्हणजे प्रायमरी फसली' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्या वर्षी काँग्रेसला राज्यात 48 पैकी 2 जागा मिळाल्या. प्रायमरी न झालेल्या बहुतेक जागांवरही पक्ष हरलाच. म्हणजे तुलना कशाशी करताय, हे आधी ठरवायला हवं.

अमेरिकेतही तेच. क्लोज्ड प्रायमरीमुळे टोकाच्या भूमिकेचे नेते निवडून येतात, असा समज आहे. नुसती ओपन आणि क्लोज्ड राज्यं शेजारी ठेवून तो सिद्ध होत नाही, कारण नियम राज्यांनीच आपापल्या राजकारणातून निवडलेत. एकाच राज्यात नियम बदलण्याआधी आणि नंतर काय झालं, हे पाहणं जास्त उपयोगी. मॅकगी आणि सहकाऱ्यांनी 2014 च्या लेखात राज्य विधिमंडळांचा असा अभ्यास केला. प्रायमरी किती खुली आहे याचा आमदारांच्या टोकाच्या भूमिकेशी फारसा संबंध त्यांना दिसला नाही.

सिनॉप्सिस लिहिताना म्हणून तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा : मत द्यायचा हक्क कुणाला? तो हक्क ठरवणारी यादी कुणाच्या हातात? आणि नियम बदलला नसता तर काय झालं असतं, हे मी कशावरून सांगणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर विषय चांगला असेल, पण प्रबंध अजून व्हायचाय.