साउंड मॉड्यूल: पहिला आवाज निघेपर्यंत

आज एका काळ्या डब्याची गोष्ट सांगणार आहोत. एका स्टुडिओने जुने सामान आवरले, तेव्हा तो आमच्या रेडिओ केंद्राकडे आला. समोर छोटा पडदा, काही बटणे आणि फिरवायची एक गोल चकती. नाव रोलँड जेव्ही-१०८०. आम्ही मोठ्या हौसेने वायरी जोडल्या, तर डबा मुका! "ताई, खराब आहे, भंगारात घाला," असा सल्लाही लगेच मिळाला. डबा खराब नव्हता. आम्हाला त्याची रीत माहीत नव्हती.

रोलँड ही जपानची कंपनी. तिने हे यंत्र १९९४ साली बाजारात आणले. याला साउंड मॉड्यूल म्हणतात. म्हणजे सिंथेसायझरच, पण पट्ट्या नसलेला. त्याला स्पीकरही नाही. आत फक्त आवाजांचा साठा. वाजवायला वेगळा कीबोर्ड लागतो आणि ऐकायला हेडफोन, नाहीतर मिक्सर आणि स्पीकर.

कीबोर्ड आणि डबा यांना जोडते ती मिडीची वायर. मिडी ही १९८३ पासूनची पद्धत आहे, त्यामुळे एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या डब्याशी बोलू शकतो. पण लक्षात ठेवा, या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो. पंगतीतला वाढपी आत ओरडतो, "दहा भाकरी, आमटी गरम!" तो निरोप झाला. स्वयंपाक आतच होतो. तसा कीबोर्ड सांगतो, ही पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली. आवाज डबा काढतो.

आता क्रमाने पाहू. जुना डबा हातात आला की आधी पाठीमागे लिहिलेले व्होल्टेज वाचा. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. तिथला डबा थेट आपल्या बोर्डात लावला तर जळेल. आकडा जुळत नसेल तर जाणत्या वायरमनला दाखवल्याशिवाय पिन लावू नका.

मग सगळे बंद ठेवून जोडणी करा. कीबोर्डच्या 'मिडी आउट'मधून डब्याच्या 'मिडी इन'मध्ये. आमची चूक इथेच झाली होती. आम्ही आउटला आउट जोडले होते. दोघेही बोलतायत, ऐकणारे कोणीच नाही! डब्यापासून मिक्सरपर्यंत आवाजाची वायर वेगळी. एकच वायर असेल तर ती डावीकडच्या, 'मोनो' लिहिलेल्या भोकात घाला.

चालू करताना आधी कीबोर्ड आणि डबा, स्पीकर सर्वांत शेवटी. बंद करताना स्पीकर सर्वांत आधी. नाहीतर ठप्पकन आवाज होऊन स्पीकर बिघडू शकतो. तरीही आवाज नाही आला तर चॅनेल पाहा. मिडीत १६ चॅनेल असतात. कीबोर्ड १ वर बोलत असेल तर डब्यानेही १ वरच ऐकले पाहिजे.

आमचा पहिला सूर निघाला तेव्हा सगळ्याजणी टाळ्या वाजवायला लागल्या. आणि लगेच नवा विषय निघाला. या डब्यात चार रिकामे खण आहेत. त्यात नव्या आवाजांचे बोर्ड बसवता येतात. पियानोचा, तंतुवाद्यांचा, अगदी आशियाई वाद्यांचाही बोर्ड निघाला होता. आता ते जुन्या बाजारातच मिळतात. "गटाच्या बचतीतून एक घेऊ, आपली गाणी खुलतील," असे ठरत आले होते. तेवढ्यात हिशेब ठेवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आधी घरात काय आहे ते तरी बघा."

आम्ही बघितले. डब्यात ६४० आवाज आहेत. त्यातले १२८ आपण बदलून ठेवू शकतो. शिवाय जनरल मिडीचा संचही त्यातच आहे. हा १२८ आवाजांचा ठरलेला संच १९९१ पासून जगभर चालतो. त्यात १०५ नंबरला सतार आणि ११२ नंबरला चक्क सनई! आपल्या हार्मोनियमच्या जवळचा आवाज २१ वर. काही कीबोर्ड शून्यापासून मोजतात, तिथे प्रत्येक नंबर एकाने कमी धरायचा.

ढोलकी मात्र त्या संचात नाही. संबळही नाही. मग आम्ही काय केले? हळदीच्या गाण्याला सनई डब्यातून घेतली आणि ढोलकी आमच्याच ताईंनी माइकसमोर वाजवली. बोर्डाचे पैसे गटातच राहिले आणि एका मैत्रिणीला शेळीसाठी कर्जाऊ गेले.

पुढे कधी बोर्ड घ्यायचा झालाच तर तो आपल्याच मॉडेलला बसतो ना, हे विचारून घ्या. बसवताना पिन काढून ठेवा, आधी धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते, आणि जोर करू नका. हात बसलेला नसेल तर दुरुस्तीवाल्याकडूनच बसवून घ्या.

आणखी एक. आपण बदलून ठेवलेले आवाज आतल्या रुपयाएवढ्या बॅटरीवर टिकतात. ती संपली की ते पुसले जातात, कंपनीचे मूळ आवाज मात्र राहतात. म्हणून काय बदलले ते वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत पहिली ओळ आहे, "सनई, ११२." तुमच्या गटाकडे असा एखादा मुका डबा पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी वायर कुठून कुठे गेली आहे ते एकदा पाहा.