वर गेल्यावरच अडखळणारं इंजिन

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातल्या 'उपाधी'पाशी थांबलो होतो. आज पहिल्यांदाच जे ऐकताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ही जी न बोललेली अट, ती उपाधी. तीच आज आपल्याला एका विमानाच्या इंजिनात शोधायची आहे.

विमान घेऊ सेसना टर्बो २१०. सहा माणसांची जागा, इंजिन एकच. कॉन्टिनेंटल कंपनीचं टीएसआयओ-५२०, समोरासमोर तीन-तीन असे सहा सिलिंडर, साधारण साडेआठ लिटरचं. समजा तक्रार अशी आहे, की १८,००० फुटांवर गेलं की इंजिन अडखळतं. आपले गॅरेजवाले म्हणतात तसं 'मिसिंग मारतं'. सगळं विमान थरथरतं. वैमानिक खाली येतो, मेकॅनिक जमिनीवर इंजिन चालवून बघतो, तर ते छान चालतं. नोंदवहीत लिहिलं जातं, 'जमिनीवर चाचणी घेतली, दोष आढळला नाही.' वैमानिकाला वाटतं मेकॅनिक टाळतोय, मेकॅनिकला वाटतं वैमानिक घाबरट आहे. दोघंही खरंच बोलताहेत. पण पुढच्या खेपेला त्याच विमानात चार माणसं बसणार, खाली डोंगर असणार, आणि इंजिन तेच.

मग वर असं काय आहे जे खाली नाही? हवेचा दाब. १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, सुमारे १५ इंच पारा. साध्या इंजिनाच्या वाट्याला ही विरळ हवाच येते. टर्बोचार्जर मात्र एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून ती इंजिनाला ३० इंचांपर्यंत पुरवतो. सिलिंडरला वाटतं आपण जमिनीवरच आहोत. आणि त्याच इंजिनाला बोल्टने जखडलेले बाकीचे भाग मात्र खरोखर १८,००० फुटांवर असतात. सगळी गोम इथे आहे.

ठिणगी बघा. १८८९ साली फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं, की फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील हे हवेचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं. आपल्या कामाच्या टापूत नियम सरळ आहे: दाब वाढला की व्होल्ट जास्त लागतात, कमी झाला की कमी. आता सिलिंडरमध्ये दाटून भरलेली हवा, म्हणजे तिथे स्पार्क प्लगला जास्त व्होल्ट हवेत. आणि ते व्होल्ट तयार करणारा मॅग्नेटो बाहेर, विरळ हवेत; तिथे ठिणगी उडणं सोपं झालेलं. विजेला सोपी वाट मिळाली की ती अवघड वाटेने कशाला जाईल? प्लगपर्यंत न जाता ती मॅग्नेटोच्या आतच उडी मारते, कधी भलत्याच सिलिंडरच्या तारेवर. वर आणखी एक दुष्टचक्र: ठिणगी जिथे सरपटते तिथे कोळशाची बारीक रेघ पडते, आणि पुढच्या वेळी तीच तिची पायवाट होते.

म्हणून अनेक टर्बो इंजिनांत मॅग्नेटोच्या पोटातही दाबलेली हवा सोडतात. टर्बोकडूनच एक बारीक नळी येते, मध्ये छोटी गाळणी असते. ही नळी निसटली, गाळणी तुंबली, टोपीखालचं सील गळायला लागलं, तर जमिनीवर काहीही कळत नाही. तिथली हवा मुळातच दाट. 'इंजिन जमिनीवर नीट चालतं, म्हणून इग्निशन निर्दोष' या अनुमानातली उपाधी म्हणजे ही दाट हवा. आणि प्लग बाहेर काढून उघड्या हवेत त्याची ठिणगी बघणं म्हणजे तर कोरडं सरपण पेटवून धूर नाही म्हणण्यासारखं! प्लग दाबाखाली तपासायचं यंत्र असतं, त्यातच घालायला हवा. फट साधारण ०.०१६ ते ०.०२१ इंच ठेवतात. उंच जाणाऱ्या विमानात ती खालच्या टोकाला ठेवलेली बरी. मल्टिमीटरने प्लगचा रोधही मोजावा, ५,००० ओमच्या वर गेलेला प्लग सरळ फेकून द्यावा.

पण थांबा. दोष इग्निशनचाच आहे हे आपण अजून सिद्ध कुठे केलंय? इथे मिलसाहेबांची भेदपद्धती कामी येते, १८४३ च्या त्यांच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथातली: बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदला. या इंजिनात मॅग्नेटो दोन, प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन, एकेक एकेका मॅग्नेटोचा. म्हणजे भेदपद्धती कारखान्यातूनच बसवून आली आहे! जिथे दोष दिसतो त्याच उंचीवर वैमानिकाने एकेक मॅग्नेटो बंद करून सहाही सिलिंडरच्या एक्झॉस्टची तापमानं बघायची. एकाच प्लगवर जळण सावकाश होतं, म्हणून तापमान चढतं. सगळ्या सिलिंडरचं थोडं चढलं तर ठीक. एखाद्याचं धाडकन खाली आलं, तर त्या सिलिंडरचा, चालू असलेल्या मॅग्नेटोकडचा प्लग किंवा तार गेली. अनेक सिलिंडर आळीपाळीने डळमळू लागले तर मॅग्नेटोवर संशय घ्यावा. इंजिन एकदम गप्प झालं तर मात्र घाईने स्विच परत फिरवायचा नाही. आधी थ्रॉटल पूर्ण मागे घ्यायचा, नाहीतर एक्झॉस्टमध्ये साठलेलं न जळलेलं इंधन भडकतं.

दोन्ही मॅग्नेटोंवर इंजिन सारखंच अडखळत असेल तर इंधनाकडे वळा. इथे एक मजेशीर गोष्ट आहे, ज्ञानमीमांसेच्या वर्गात मी ती नेहमी सांगायचो. जुन्या २१० मध्ये इंधनाचा प्रवाह दाखवणारा काटा प्रवाह मोजतच नाही, दाब मोजतो. त्यामुळे एखादं नोझल तुंबलं की त्या सिलिंडरला इंधन कमी जातं आणि काटा मात्र प्रवाह वाढल्याचं सांगतो! काटा खोटं बोलत नाही, त्याच्यावर लिहिलेलं नाव खोटं बोलतं. नोझलची परीक्षा साधी: सहा नोझलखाली सहा सारख्या बाटल्या, पंप चालू, आणि कोणती मागे राहते ते बघा. काटा थरथरत असेल, दिवस उन्हाचा असेल आणि वेगाने वर चढला असाल, तर नळीत इंधनाची वाफ झाल्याची शंका घ्यावी. मदतीचा पंप लावताच इंजिन सुधारलं तर शंका खरी.

हवेच्या नळ्यांची गळती टर्बोत उलटसुलट वागते. मंद गतीवर बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. जोर दिला की आतली हवा बाहेर पळते आणि मिश्रण दाट होतं. ती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. जोडावर पाणी लावून आतून हवा फुंकली की बुडबुडे येतात.

अडखळण्याबरोबर मॅनिफोल्ड प्रेशर एकदम कोसळलं तर मात्र यातलं काहीही करत बसू नये. टर्बो गेला असेल, एक्झॉस्टची क्लँप सुटली असेल, आग लागू शकते. जवळच्या धावपट्टीवर उतरावं, शास्त्रार्थ नंतर.

आता दुरुस्ती. बारा प्लग, तारांचा संच, दोन्ही मॅग्नेटो एकाच दिवशी बदलणारे लोक आहेत. इंजिन सुधारतं, बिल फुगतं आणि कारण कुणालाच कळत नाही. नळीची भेग तशीच राहून नवा मॅग्नेटोही पुढे जळतो. त्यापेक्षा संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये घाला. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लग. तिथेच राहिला, तर तार किंवा मॅग्नेटो. दर ५०० तासांनी मॅग्नेटो उघडून तपासावेत अशी शिफारस असते, ती पाळली असेल तर या शोधाची वेळ सहसा येत नाही.

आणि शेवटची चाचणी पुन्हा १८,००० फुटांवर, तेवढ्याच मॅनिफोल्ड प्रेशरवर, प्रवासी न घेता, दिवसाउजेडी, धावपट्टीच्या डोक्यावर. नोंदवहीत उंची, दाब आणि सहाही तापमानं लिहायची, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला 'दोष आढळला नाही' हे कुठल्या हवेत आढळलं नाही ते कळेल.