ओल्या सिमेंटचं घुबड

ग्राफ-रेनेट सोडून पन्नासेक किलोमीटर कारूच्या उजाड माळरानातून आल्यावर स्नीउबर्ग डोंगरांच्या कुशीत न्यू-बेथेस्डाची हिरवाई दिसली आणि डोळे निवले. डोक्यावर २,५०२ मीटर उंचीचं कोम्पासबर्ग शिखर. दक्षिण आफ्रिकेतलं हे गाव १८७५ मध्ये चर्चभोवती वसलं. रस्ते मातीचे, कडेने वाहते पाट. झऱ्याचं पाणी घरोघरच्या बागांना पाळीने मिळतं. पाळी आली की माणूस खोरं घेऊन बांध फोडायला निघतो. आपल्याकडच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको.

लोक येतात ते ‘घुबडघर’ पाहायला. हेलन मार्टिन्स (१८९७-१९७६) हिने आईवडिलांच्या पश्चात हे घर बाटल्यांच्या काचेच्या चुऱ्याने आतून मढवलं. दिवा लावला की भिंती लखलखतात. त्याच चुऱ्यापायी तिचे डोळे अधू होत गेले. शेवटी तिने स्वतःच जीवन संपवलं. अ‍ॅथॉल फुगार्डच्या नाटकामुळे तिचं नाव जगभर गेलं.

मी रेंगाळलो ते मागच्या अंगणात. पूर्वेकडे तोंड करून निघालेले उंट, यात्रेकरू, घुबडं. तारेचा सांगाडा, वर सिमेंट, डोळ्यांत काच. कल्पना हेलनची, पण यातल्या कितीतरी मूर्तींवर हात फिरला तो कूस मालगासचा. हा मेंढ्यांची लोकर कातरणारा माणूस. १९६४ पासून हेलनच्या मृत्यूपर्यंत, बारा वर्षं तो तिच्यासोबत राबला. १९९१ मध्ये मोडकळीला आलेल्या मूर्ती दुरुस्त करायला पुन्हा त्यालाच बोलवावं लागलं. २००० मध्ये तो गेला. ‘हेलनचं घर’ असं सगळे म्हणतात तेव्हा माझ्या मनाला टोचतं.

टोचायला आणखीही कारण आहे. वर्णभेदाच्या राजवटीने मालगाससारख्या ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय कुटुंबांना गावाबाहेर ठेवलं. त्यांची वस्ती, पीनारसिख, आजही नदीपलीकडे आहे. पर्यटक कॉफी पिऊन, फोटो काढून परततात. पलीकडे फारसं कुणी जात नाही. तिथली माणसं मात्र रोज इकडे येतात, घुबडं विकायला.

फाटकाबाहेर एक मध्यमवयीन गृहस्थ बसले होते. मुठीएवढ्या सिमेंटच्या गोळ्याला खिळ्याने पिसांच्या रेघा मारल्या, बाटलीच्या हिरव्या काचेचे दोन तुकडे अंगठ्याने डोळ्यांच्या जागी दाबले आणि कडांवरून ओलं बोट फिरवलं. हे काम वडिलांकडून शिकलो, म्हणाले. तेच घुबड मी मागितलं. अजून ओलं आहे, आज पिशवीत घालू नका, असं बजावून त्यांनी ते वर्तमानपत्रावर ठेवून माझ्या हाती दिलं.