यंत्राच्या हाताला माती कशी कळते?

भिलाईच्या आसपासचा शेतकरी सर्व जमिनी एका नावाने ओळखत नाही. तांबूस, खडेमिश्रित जमिनीला तो भाटा म्हणतो, पिवळसर हलक्या जमिनीला मटासी आणि काळ्या चिकण जमिनीला कन्हार. मटासी व कन्हार यांच्या मधली ती डोरसा. कुदळीचा घाव पडताच जमीन कोणती, हे त्याच्या हाताला कळते. चालकाशिवाय खोदणाऱ्या यंत्रालाही हीच ओळख शिकवावी लागते.

यंत्राचा पंजा जमिनीत शिरू लागला की माती त्याला विरोध करते. हा विरोध यंत्राच्या हातातील तेलाच्या दाबावरून किंवा मोटारीला लागणाऱ्या विजेवरून मोजता येतो. सुटी वाळू असेल, तर खोलीबरोबर विरोध सावकाश वाढतो. मुरूम किंवा दगडगोटे असतील, तर मध्येच झटके बसतात. ओली चिकणमाती पंजाला चिकटते. म्हणून पंजा रिकामा केल्यावरही त्याचे वजन जास्त भरते.

मात्र एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. उन्हाळ्यात कन्हार जमीन भेगाळते आणि मुरमासारखी कठीण लागते. पावसाळ्यात तीच पायाला चिकटते. म्हणून विरोधाबरोबर मातीचा रंग, कणांचा आकार आणि ओलावा यांचाही मेळ घालावा लागतो.

ही ओळख चुकली तर काय होते? नासाचे ‘इनसाइट’ यान २०१८ मध्ये मंगळावर उतरले. त्याचे एक उपकरण स्वतःला ठोकत पाच मीटर खोल जाणार होते. त्यासाठी भोवतालच्या सुट्या मातीची पकड मिळणे आवश्यक होते. तेथील माती गुठळ्या धरणारी निघाली आणि पकड मिळाली नाही. जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न थांबले, तेव्हा ते जेमतेम आपल्या लांबीइतकेच आत गेले होते.

तेथे केवळ उपकरण अडकले. पृथ्वीवर माणसाचा जीव जाऊ शकतो. मातीचा प्रकार न पाहता खणलेल्या खोल चराची भिंत कोसळते आणि आत काम करणारा मजूर गाडला जातो. भिंतीला किती उतार द्यावा, कोठे आधार लावावा, हे मातीच ठरवते.

आपणही एक साधी परीक्षा करून पाहा. मूठभर ओलसर माती दाबून तिचा गोळा करा. तो लगेच विस्कटला, तर मातीत वाळू अधिक आहे. त्याची लांब वळी न तुटता वळता आली, तर माती चिकण आहे. यंत्र जे आकड्यांतून शोधते, ते आपल्या बोटांना असे सहज कळते.